रुग्णवाहिकेचा प्रवास आणि रुग्णालयातील गर्दी : पेण-रोहा परिसराच्या संदर्भात

प्रस्तावना :
महानगरातील रुग्णालयाचा आपत्कालीन विभाग भरून गेला की येणारी रुग्णवाहिका दुसऱ्या रुग्णालयाकडे वळविली जाते. रायगड जिल्ह्यातील पेण व रोहा तालुक्यांत या प्रश्नाचे स्वरूप वेगळे आहे. येथे हाकेच्या अंतरावर दुसरे मोठे रुग्णालय नाही. त्यामुळे गंभीर रुग्ण उपजिल्हा रुग्णालयातून अलिबाग, पनवेल किंवा मुंबईस ‘पुढे पाठविला’ जातो. तालुक्यात होऊ न शकलेला उपचारच शहरातील गर्दीत भर घालतो. या परस्परसंबंधाचा प्रस्तुत लेखात ऐतिहासिक दृष्टीने विचार केला आहे.

न्यायालयीन पार्श्वभूमी :
अपघातग्रस्तास तातडीचे उपचार देणे हे प्रत्येक डॉक्टरचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने परमानंद कटारा खटल्यात १९८९ मध्ये स्पष्ट केले. पुढे जुलै १९९२ मध्ये पश्चिम बंगालमधील शेतमजूर संघटनेचा एक सदस्य रेल्वेतून पडून डोक्यास गंभीर जखमी झाला. कोलकात्यातील एकामागून एक शासकीय रुग्णालयांनी खाट किंवा सुविधा नसल्याचे सांगितले व अखेर त्यास खाजगी रुग्णालयात उपचार घ्यावे लागले. या प्रकरणी १९९६ मध्ये न्यायालयाने संविधानातील अनुच्छेद २१ चा भंग झाल्याचा निर्णय दिला. आर्थिक अडचण ही शासनाची सबब ठरू शकत नाही, असेही बजावले. जिल्हा व उपविभागीय रुग्णालये गंभीर रुग्णांसाठी सक्षम करावीत आणि खाट कोठे उपलब्ध आहे हे कळविणारी मध्यवर्ती संपर्कव्यवस्था उभारावी, हे त्यातील उपाय पेण-रोह्यासारख्या ठिकाणांना थेट लागू पडतात.

पेण-रोहा परिसर :
पेण मुंबई-गोवा महामार्गावर, तर रोहा कोलाडपासून आत वसले आहे. धाटावच्या औद्योगिक वसाहतीमुळे महामार्गावरील अपघातांच्या जोडीस रासायनिक दुर्घटनांचा धोकाही येथे संभवतो. महामार्गाच्या पनवेल-इंदापूर या ८४ किलोमीटर टप्प्याचे चौपदरीकरण २०११ मध्ये सुरू होऊन वर्षानुवर्षे रेंगाळले. पुढे पाठविलेल्या रुग्णाचा वेळ अशा रस्त्यावर खर्ची पडतो.

४ मे २०१४ रोजी दिवा-सावंतवाडी पॅसेंजर नागोठणे व रोहा या स्थानकांदरम्यान निडी गावाजवळ रुळांवरून घसरली. सुमारे वीस प्रवासी मृत्युमुखी पडले व शंभराहून अधिक जखमी झाले. जखमींना रोहा, नागोठणे, अलिबाग व मुंबई येथील रुग्णालयांत विभागून नेण्यात आले. एकाच ठिकाणी शंभर जखमी सामावणे अशक्य असते. अशा वेळी कोणास जवळ ठेवावे व कोणास दूर न्यावे, हा निर्णयच निर्णायक ठरतो. त्याच वर्षी जानेवारीत महाराष्ट्रात ९३७ रुग्णवाहिकांची ‘१०८’ सेवा सुरू झाली होती. तीत डॉक्टर सोबत असल्याने उपचार वाटेतच सुरू होऊ लागले. तथापि रुग्णवाहिका रुग्णास दारापर्यंत आणते. दारापलीकडे खाट निर्माण करणे तिच्या आवाक्यातील नाही.

अन्यत्रचा अनुभव :
अमेरिकेतील मॅसॅच्युसेट्स राज्याने १ जानेवारी २००९ पासून, अंतर्गत आपत्तीचा अपवाद वगळता, रुग्णवाहिका वळविण्यास बंदी घातली. त्यामुळे आपत्कालीन विभागांतील खोळंबा वाढल्याचे नंतरच्या अभ्यासात आढळले नाही. गर्दीचे मुख्य कारण दाराशी येणारे रुग्ण हे नसून, दाखल करण्याचे ठरूनही वॉर्डात खाट न मिळालेले रुग्ण हे असते. दाखल रुग्ण त्वरेने वॉर्डात हलविणे व बरे झालेल्यांस वेळेवर घरी सोडणे, ही जबाबदारी संपूर्ण रुग्णालयाची ठरते.

समारोप :
रुग्णवाहिकांची संख्या वाढविणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. पेण व रोहा येथे शल्यचिकित्सक, भूलतज्ज्ञ व रक्त चोवीस तास उपलब्ध झाल्यास अनेकांचा पुढील प्रवास टळेल. ज्यांना पाठविणे अपरिहार्य आहे, त्यांच्यासाठी निघण्यापूर्वीच खाट निश्चित व्हावी. १९९६ च्या निर्णयाने हा मार्ग दाखविला आहे. तो कितपत अनुसरला गेला, याची खरी कसोटी मुंबईत नव्हे, तर तालुक्याच्या रुग्णालयात लागते.