बॅरेट अन्ननलिका

अन्ननलिकेच्या खालच्या टोकाचे मूळ अस्तर जाऊन तिथे आतड्याच्या धाटणीचे अस्तर येणे, या अवस्थेला बॅरेट अन्ननलिका म्हणतात. जठरातला पाचकरस वर्षानुवर्षे उलटा वर येत राहिल्याने हा बदल होतो. तो कर्करोग नाही, पण अन्ननलिकेच्या एका प्रकारच्या कर्करोगाची ती आधीची पायरी मानली जाते.

निरोगी अन्ननलिका सुमारे २५ सेंटिमीटर लांब असते. तिचे अस्तर गालाच्या आतल्या बाजूसारखे, चपट्या पेशींच्या अनेक थरांचे असते. भाकरीचा कोरडा घास घासत गेला तरी त्याला काही होत नाही, आम्ल मात्र त्याला सोसवत नाही. जठराचे अस्तर उंच, खांबासारख्या पेशींच्या एकाच थराचे असते आणि त्यावर चिकट श्लेष्म्याचा लेप असल्याने ते आम्लात सुखाने नांदते. दोन्ही अस्तरे जिथे भेटतात तिथे नागमोडी रेघ दिसते, तिला झेड रेषा म्हणतात. जठराच्या तोंडाशी असलेला स्नायूंचा वळसा सैल पडला, जठराचा वरचा भाग मध्यपटलातून छातीत सरकला किंवा पोटावरच्या चरबीचा दाब वाढला, की रस वर येऊ लागतो. अस्तर भाजते, भरते, पुन्हा भाजते. काही जणांत ते भरून येताना जुन्या वाणाचे न येता खांबासारख्या पेशींचे येते आणि त्यात आतड्यातल्यासारख्या, श्लेष्म्याने फुगलेल्या चषकपेशी दिसू लागतात. या नव्या पेशी मुळात कुठून येतात यावर बरीच वर्षे वाद होता. अलीकडचा पुरावा जठराच्या मुखाकडे बोट दाखवतो.

मराठीत रस वर येण्याच्या या दुखण्याला सरसकट ‘पित्त’ म्हणतात. बोलीतले पित्त म्हणजे घशाशी येणारे आंबट पाणी, आणि शरीरशास्त्रातले पित्त म्हणजे यकृतात तयार होणारा हिरवट-पिवळा रस. दोन्ही एक नव्हेत. या विकारात मात्र बोलीचा घोटाळाही खरा ठरतो, कारण जठरातल्या आम्लाबरोबर आतड्यातून मागे फिरलेला पित्तरसही अस्तराची हानी करतो. ‘माधवनिदान’ या आयुर्वेदाच्या ग्रंथात अम्लपित्ताचे ऊर्ध्वग आणि अधोग असे दोन प्रकार सांगितले आहेत, आंबट ढेकर, छाती-घशाची जळजळ ही लक्षणे तिथे ओळखीची वाटतात. भरल्या पोटी वाकले की आम्ल वर चढते, हे भंडारा जिल्ह्यातल्या मोहाडी तालुक्यात दिवसभर धानाची रोवणी करणाऱ्या बाईला पुस्तकातून शिकावे लागत नाही. अर्थात, अशी जळजळ असलेल्या बहुसंख्य लोकांना बॅरेट कधीच होत नाही.

नावाचा इतिहास थोडा गमतीचा आहे. नॉर्मन बॅरेट (१९०३–१९७९) हे ऑस्ट्रेलियात जन्मलेले आणि लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात काम केलेले छातीचे शल्यविशारद. १९५० च्या लेखात त्यांनी असे मांडले, की खांबासारख्या पेशींची ही नळी म्हणजे अन्ननलिका नव्हेच. जन्मतः आखूड अन्ननलिकेमुळे वर ओढले गेलेले ते जठर आहे. १९५३ मध्ये ॲलिसन आणि जॉनस्टन यांनी ती अन्ननलिकाच असल्याचे दाखवले, पण तिथल्या व्रणांना नाव दिले बॅरेट यांचे. १९५७ मध्ये बॅरेट यांनी आपले मत बदलले. म्हणजे ज्याचे नाव विकाराला चिकटले, त्याचेच आरंभीचे निदान चुकलेले होते.

या विकाराची खरी अडचण अशी, की त्याचे स्वतःचे असे लक्षण नाही. उलट नवे अस्तर आम्लाला कमी हुळहुळते, त्यामुळे जुनी जळजळ कधीकधी आपोआप उणावते आणि माणूस पित्त गेले म्हणून निर्धास्त होतो. उत्तर स्वीडनमधल्या, २००५ साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणीत १,००० प्रौढांची दुर्बिणीने तपासणी झाली. १६ जणांत बॅरेट आढळले आणि त्यांतल्या ७ जणांना जळजळीची तक्रारच नव्हती.

निदान तोंडातून दुर्बीण घालूनच होते. पडद्यावर अन्ननलिका मोतिया, फिकट दिसते. बॅरेटचा भाग त्यावर गुलाबी-केशरी जिभांसारखा वर चढलेला असतो. दुर्बिणीच्या नळीवर सेंटिमीटरच्या खुणा असतात. टोक जठराच्या वळ्यांपाशी असताना पुढच्या दातांशी ३८ ची खूण आली आणि सर्वांत उंच जिभेच्या शेंड्याशी ३३ ची, तर लांबी ५ सेंटिमीटर. त्यातला पूर्ण गोलाकार भाग २ सेंटिमीटरचा असेल तर प्राग पद्धतीने ‘सी २ एम ५’ असे नोंदवतात. मग दर २ सेंटिमीटरवर चारही बाजूंनी तुकडे घेऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात. ही सोय सहसा ग्रामीण रुग्णालयाच्या पातळीवर नसते. मोहाडीच्या रुग्णाला त्यासाठी भंडारा किंवा ऐंशीएक किलोमीटरवरचे नागपूर गाठावे लागते. नागपुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या सुपर स्पेशालिटी रुग्णालयात पोटविकारांचा विभाग आहे.

तपासणी कोणाची करावी? अमेरिकी मार्गदर्शक सूचनांत जुन्या जळजळीबरोबर पुरुष असणे, पन्नाशी ओलांडणे, स्थूलपणा, धूम्रपान, कुटुंबातला इतिहास आणि गोरा वंश असे निकष आहेत. शेवटचा निकष वाचला की ही यादी कोणासाठी बनली ते कळते. भारतात बॅरेट पाश्चात्त्य देशांपेक्षा कमी आढळते आणि सापडले तरी बहुधा आखूड पट्ट्याचे असते. जठरातल्या हेलिकोबॅक्टर जंतूचा इथला सुळसुळाट आम्ल कमी करून अन्ननलिकेला वाचवत असावा, असा एक तर्क आहे.

विदर्भात अन्ननलिकेच्या कर्करोगाची चर्चा बॅरेटपासून सुरू करणे उफराटे होईल. भारतात हा कर्करोग मुख्यतः मूळच्या चपट्या पेशींचा असतो, आणि त्यामागे तंबाखू, सुपारी, दारू ही कारणे असतात. सुपारी, तंबाखू आणि चुना प्लॅस्टिकच्या कागदावर घोटून केलेला खर्रा भंडारा-गोंदियाकडे पानठेल्यापानठेल्यावर मिळतो. त्याचा बॅरेटशी थेट संबंध नाही. मात्र घास अडकू लागला, वजन उतरू लागले किंवा शौचास काळी झाली, तर दोन्ही कर्करोगांत दुर्बीण तितकीच तातडीची.

बॅरेट असलेल्या हजार जणांपैकी वर्षाकाठी साधारण एक ते पाच जणांत कर्करोग होतो. पेशींची ठेवण बिघडू लागली, म्हणजे डिस्प्लेझिया दिसला, की धोका वाढतो. तो तीव्र असेल तर फारच. आम्लनिर्मिती रोखणाऱ्या ओमेप्राझोल, पँटोप्राझोल यांसारख्या गोळ्या हा उपचाराचा पाया आहे. त्या जेवणाआधी अर्धा तास घ्यायच्या असतात. जेवण झाल्यावर जळजळ उठली की घेतलेल्या गोळीचा पुरता उपयोग होत नाही. गोळ्यांनी जळजळ थांबते, पण बदललेले अस्तर सहसा मागे फिरत नाही. ब्रिटनमधल्या अडीच हजारांवर रुग्णांच्या, २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत या वर्गातल्या एका गोळीची मोठी मात्रा ॲस्पिरिनसह देण्याचा फायदा दिसला. तरी ॲस्पिरिनने रक्तस्राव होऊ शकतो, म्हणून ती मनाने सुरू करण्याची गोष्ट नव्हे. डिस्प्लेझिया असेल तर दुर्बिणीतूनच दिसणारा उंचवटा कापून काढतात आणि उरलेले अस्तर रेडिओलहरींच्या उष्णतेने जाळतात. डिस्प्लेझिया नसेल, तर पट्टा ३ सेंटिमीटरपेक्षा आखूड असल्यास पाच वर्षांनी आणि त्याहून लांब असल्यास तीन वर्षांनी पुन्हा दुर्बीण करतात. त्या वेळी तुलनेसाठी जुन्या अहवालावरचा सी आणि एमचा आकडा लागतो.