दीड ते साडेचार

‘दीड ते साडेचार’ एवढंच वाचलं तर पुणेकराला ती दुकानाची दुपारची सुट्टी वाटेल. हवामानशास्त्रात मात्र हा फार चिवट आकडा आहे. हवेतला कार्बन डायऑक्साइड दुप्पट झाला आणि पृथ्वी त्या बदलाला सरावून स्थिर झाली, तर तिचं सरासरी तापमान किती अंशांनी वाढलेलं असेल, या प्रश्नाचं हे उत्तर. १९७९ साली ते पहिल्यांदा दिलं गेलं आणि २०१३ सालीही तेच होतं. भाजीवाल्यानं किलोचा भाव ‘दीडशे ते साडेचारशे’ सांगितला तर आपण पुढच्या गाडीकडे वळतो. शास्त्रज्ञ त्याच गाडीपाशी इतकी वर्षं का थांबले, हे कळायला या आकड्याची वंशावळ चाळावी लागते.

मूळ पुरुष शोधायला जावं तर आधी एक बाई भेटते. अमेरिकेतल्या युनिस फूट यांनी काचेच्या नळकांड्यांत वेगवेगळे वायू भरून ती उन्हात ठेवली. कार्बन डायऑक्साइडचं नळकांडं सर्वांत जास्त तापलं आणि निवायलाही सर्वांत जास्त वेळ लागला. हवेत हा वायू जास्त असता तर पृथ्वी अधिक उष्ण असती, असं त्यांनी १८५६ साली लिहिलं. त्यांचा निबंध परिषदेत वाचला तो मात्र एका पुरुष शास्त्रज्ञानं. तीन वर्षांनी लंडनमध्ये जॉन टिंडल यांनी नेमकी यंत्रणा दाखवली. नायट्रोजन आणि ऑक्सिजन उष्णतेचे अदृश्य किरण आरपार जाऊ देतात. पाण्याची वाफ आणि कार्बन डायऑक्साइड ते अडवतात. म्हणजे ‘कशामुळे’ याचं उत्तर पेशवाई बुडाल्यानंतर जेमतेम चाळीस वर्षांत हाती आलं होतं. पुढचा सगळा खटाटोप ‘किती’साठी.

‘किती’चा पहिला हिशेब स्टॉकहोमच्या स्वांते अऱ्हेनियस यांचा. १८९४ च्या नाताळात ते आकडेमोडीला बसले आणि वर्षभर उठले नाहीत म्हणा ना. याच काळात त्यांचं लग्नही मोडलं. त्यांना भविष्याची काळजी नव्हती. हिमयुगं का येतात, हे कोडं सोडवायचं होतं. हवा किती उष्णता अडवते हे मोजायला त्यांनी सॅम्युअल लँगली यांची चंद्राची मोजमापं वापरली. चंद्र क्षितिजाजवळ असला की त्याची उष्णता जास्त हवेतून येते, डोक्यावर असला की कमी हवेतून, फरकावरून हिशेब. वायू दुप्पट झाल्यास पाच ते सहा अंश, हे त्यांचं १८९६ चं उत्तर. पुढे त्यांनीच ते चारावर आणलं. कोळसा जाळून माणूस हा वायू वाढवतो आहे, हे त्यांना माहीत होतं. पण त्या वेळच्या वेगानं दुप्पट व्हायला युगं लागणार होती. शिवाय थोडी ऊब वाढली तर स्वीडनचा माणूस तक्रार कशाला करील?

यानंतरचा वारस हौशी होता. गाय कॅलेंडर हे वाफेच्या यंत्रांचे इंग्लिश अभियंते. त्यांनी १४७ वेधशाळांच्या नोंदी गोळा करून १९३८ साली लंडनच्या हवामानशास्त्रीय सोसायटीपुढे सांगितलं, की जग तापू लागलं आहे, कारण कोळशाचा धूर आहे आणि दुपटीला वाढ सुमारे दोन अंश. समोर सर जॉर्ज सिम्पसन होते; सिमल्याला भारताच्या हवामान खात्यात बरीच वर्षं काढलेले. त्यांनी कष्टांचं कौतुक केलं, आणि नुसत्या किरणांच्या हिशेबानं वातावरणाचं तापमान सुटत नाही, हे बाहेरून आलेल्यांच्या लक्षात येत नाही, असा टोलाही दिला. गंमत म्हणजे मुद्द्यापुरते सिम्पसन बरोबर होते आणि निष्कर्षापुरते कॅलेंडर.

हवा नुसती तापत नाही, ती वर चढते, ढवळली जाते. हे ढवळणं हिशेबात घेतलं स्युकुरो मनाबे आणि रिचर्ड वेदराल्ड यांनी, १९६७ साली, संगणकावर. उत्तर आलं २.३ च्या आसपास. त्याच हिशेबातून आणखी एक खूण निघाली: कार्बन डायऑक्साइड वाढला तर खालची हवा तापेल, पण वरचा स्थितांबर थंड होईल. सूर्यच तापला असता तर दोन्ही थर तापले असते. पुढे प्रत्यक्षात वरचा थर थंडच होत गेलेला दिसला.

आता १९७९. अमेरिकी अध्यक्षांच्या विज्ञान सल्लागारांनी विचारणा केली, म्हणून हवामानशास्त्रज्ञ ज्यूल चार्नी यांच्या अध्यक्षतेखाली काही मंडळी जुलैत वुड्स होल या समुद्रकाठच्या गावी जमली. पुढ्यात मुख्यतः दोन गटांची हवामानाची संगणकी मॉडेल्स होती. मनाबे यांचा आकडा दोन, जेम्स हॅन्सन यांचा चार. मनाबे यांनी नंतर सांगितलेल्या आठवणीनुसार चार्नींनी खालून अर्धा वजा केला, वर अर्धा मिळवला. झालं दीड ते साडेचार. मधला तीन सर्वांत संभाव्य. वाण्यानं तराजूत चिमूटभर इकडे-तिकडे करावं, तसा हा अर्धा. पण तो टिकला.

का टिकला? वायू दुप्पट होण्याचा निव्वळ परिणाम मोजला तर तो एक अंशाहून किंचित जास्त भरतो, आणि त्याबद्दल फारसा वाद नाही. मग हवा तापली की तिच्यात वाफ जास्त मावते, आणि वाफ स्वतःच उष्णता अडवते. बर्फ वितळला की खालची काळी जमीन, काळं पाणी ऊन शोषतं. इथवरही ठीक. घोडं अडतं ते ढगांपाशी. भाद्रपदातल्या दुपारी ढग आला की हायसं वाटतं. माघातल्या रात्री आभाळ आलं की थंडी पळते. तोच ढग छत्रीही आहे आणि गोधडीही. तापलेल्या जगात छत्र्या वाढतील की गोधड्या, हे ठरवायचं, तर ढगाचा कारभार मॉडेलच्या शंभर-शंभर किलोमीटरच्या चौकोनांतून निसटून जातो. जुन्या नोंदींतून उलटा हिशेब करावा म्हटलं, तर गिरण्या-कारखान्यांच्या धुरातल्या सूक्ष्म कणांनी ऊन परतवून तापमानवाढ थोडी झाकलेली. नेमकी किती, हाही अंदाजच.

संशयाचा फायदा आरोपीला, हे कोर्टाचं तत्त्व. तेल आणि कोळशाच्या पाठीराख्यांनी ते धुराला लागू केलं. ‘किती’ची शंका त्यांनी ‘आहे की नाही’ची म्हणून विकली, आणि वर्तमानपत्रांनी ती बराच काळ विकतही घेतली. साडेचारकडे मात्र कुणी बोट दाखवलं नाही. अनिश्चितता जणू फक्त खालच्या बाजूला होती.

हवामानबदलावरच्या आंतरसरकारी समितीनं (आयपीसीसी) १९९० च्या पहिल्या अहवालात तोच पल्ला ठेवला. २००७ मध्ये खालचं टोक दोनावर नेलं, २०१३ मध्ये पुन्हा दीडवर आणलं. मग उपग्रहांनी पाहिलेले ढग, हिमयुगाचे पुरावे आणि तापमानाच्या नोंदी एकत्र ताडून २०२१ मध्ये तो अडीच ते चार झाला. गमतीची गोष्ट अशी, की याच फेरीत काही नव्या मॉडेल्सचं उत्तर पाचाच्याही पुढे गेलं होतं. समितीनं ते तसंच्या तसं स्वीकारलं नाही. या फेरीत पुण्यातल्या पाषाणच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं, भारतातलं पहिलं पृथ्वी-प्रणाली मॉडेलही होतं. मधला सर्वोत्तम अंदाज किती? तीन. चार्नी १९८१ सालीच गेले. मनाबेंना त्याच २०२१ मध्ये, नव्वदीत, नोबेल मिळालं.

औद्योगिक युगाआधी हवेत दर दहा लाख भागांत कार्बन डायऑक्साइड सुमारे २८० भाग होता. २०२४ मध्ये तो ४२० च्या पुढे होता, म्हणजे दुप्पट नव्हे, दीडपट. त्या वर्षी जगाचं तापमान औद्योगिक युगाआधीच्या तुलनेत सुमारे १.५५ अंशांनी जास्त भरलं. त्यात मिथेनसारखे इतर वायू आहेत, आदल्या वर्षीच्या एल निनोचा हात आहे, आणि एका वर्षावरून पल्ला ठरत नाही, हे सगळं खरं. तरी चार्नींनी अर्धा वजा करून काढलेलं ते खालचं टोक, दुपटीसाठी काढलेलं, दीडपटीलाच गाठून झालं.