आधी निरोगी मूल ओळखायचं

माझ्या थोरल्या बहिणीची नात अमेरिकेत रेडिऑलॉजिस्ट झाली. तिथल्या एका शिकवणाऱ्या इस्पितळात ती आता आणखी एक वर्ष शिकते आहे, फक्त लहान मुलांचे एक्स-रे आणि स्कॅन वाचायला! परवा फोनवर मी म्हटलं, "अगं, हाड ते हाड. त्यात लहान काय नि मोठं काय?" ती हसली. म्हणाली, "आजोबा, आधी जॉन कॅफी वाचा."

शिक्षकाला कुणी गृहपाठ दिला की राहवत नाही. वाचलं.

कॅफी मुळात बालरोगतज्ज्ञ. न्यूयॉर्कच्या 'बेबीज हॉस्पिटल'मध्ये ते मुलांचे एक्स-रे वाचू लागले. त्या काळी तान्ह्या बाळाच्या छातीत थायमस ग्रंथी मोठी दिसली की डॉक्टर घाबरत. तिच्यामुळे बाळ अचानक दगावतं, अशी समजूत होती. म्हणून किरणांचा मारा करून ती आक्रसवत. खरं म्हणजे बाळाची थायमस मोठीच असते, वयाबरोबर ती लहान होते. कॅफींनी १९४५ च्या आपल्या ग्रंथात ती समजूत खोडून काढली. पुढे १९५० मध्ये अशा किरणोपचाराचा थायरॉइडच्या कर्करोगाशी संबंध दिसून आला. निरोगी मूल कसं दिसतं हेच ठाऊक नव्हतं, म्हणून निरोगी मुलांवर उपचार झाले!

आणि याच्या अगदी उलटही घडत होतं. १९४६ मध्ये कॅफींनी सहा तान्ह्या बाळांची हकिकत छापली. मेंदूभोवती रक्तस्राव आणि हातापायांच्या लांब हाडांत मिळून २३ फ्रॅक्चर. कुणाच्याही घरच्यांनी पडल्याझडल्याचं समाधानकारक कारण सांगितलेलं नव्हतं. कॅफींनी तेव्हा कुणावर ठपका ठेवला नाही, पण जे दिसलं ते नोंदवून ठेवलं. त्यांच्या हाताखाली शिकलेले फ्रेडरिक सिल्व्हरमन १९५३ मध्ये पुढचं बोलले: अशी इजा घरातल्याच माणसांकडून झालेली असू शकते. १९६२ मध्ये हेन्री केम्प आणि सहकाऱ्यांचा मारहाण झालेल्या मुलांवरचा गाजलेला लेख आला. त्यातही सिल्व्हरमन होते. नंतरच्या काही वर्षांत अमेरिकेतल्या सगळ्या राज्यांनी असा संशय आला तर डॉक्टरांनी कळवलंच पाहिजे, असे कायदे केले.

बोलता न येणाऱ्या बाळाची साक्ष त्याच्या हाडांनी दिली. ती वाचणारा मात्र तयार व्हावा लागला.

हे वाचून फोन केला, पण तिला एक गोष्ट सांगितली नाही. ती इथे लिहितो. माझ्या वर्गात एक मुलगा होता. एका वर्षात दोनदा हाताला प्लॅस्टर. "आंब्यावरून पडलो, सर." वडील दारात उभे होते. मी रजेच्या अर्जावर सही केली आणि फळ्याकडे वळलो. तो खरंच पडला असेलही. पण मी त्याला एकट्याला बाजूला घेऊन विचारलं नाही.

असो. पोरीला म्हटलं, वर्षभर नीट शीक. घाई करू नकोस.