मार्गदर्शक, निधी आणि खानदेश

आरोग्यसंशोधनात नव्याने उतरलेल्या डॉक्टराला उपकरणांइतकीच गरज असते ती रुग्णसेवेच्या धबडग्यातून सोडवलेल्या वेळेची आणि चूक वेळीच दाखवून देणाऱ्या जाणत्या मार्गदर्शकाची. वेतन, वेळ आणि मार्गदर्शन या तिन्हींची एकत्र तजवीज करणारी अनुदाने या गरजेतून निघाली. अमेरिकेतील राष्ट्रीय आरोग्य संस्थांच्या ‘के’ वर्गातील बहुतेक अनुदानांत संशोधकाचा किमान 75 टक्के वेळ राखून ठेवावा लागतो, तो याचसाठी.

भारतात वैद्यकीय संशोधनाला संघटित निधी मिळू लागला तो 1911 साली स्थापन झालेल्या इंडियन रिसर्च फंड असोसिएशनमुळे. तिच्या नियामक मंडळाची पहिली बैठक मुंबईच्या प्लेग प्रयोगशाळेत भरली होती, आणि 1949 पासून हीच संस्था भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद, म्हणजे आयसीएमआर, म्हणून ओळखली जाऊ लागली. त्याच वर्षी कमल रणदिवे यांनी विकृतिशास्त्रज्ञ वसंत रामजी खानोलकर यांच्या मार्गदर्शनाखाली मुंबई विद्यापीठाची पीएच.डी. मिळवली. पुढे त्या रॉकफेलर प्रतिष्ठानच्या अभ्यासवृत्तीवर बाल्टिमोरला जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या आणि परतल्यावर त्यांनी मुंबईत ऊतिसंवर्धनाची, म्हणजे पेशी शरीराबाहेर वाढवून अभ्यासण्याची, प्रयोगशाळा उभी केली. अभ्यासवृत्तीची मुदत संपते. परंतु रणदिवे यांना परतून काम करण्यासाठी खानोलकरांनी घडवलेले कर्करोग संशोधनाचे केंद्र होते, आणि त्यांचे शिक्षण येथे रुजले ते मुख्यतः त्यामुळे, असे मानणे योग्य ठरेल.

जळगाव जिल्ह्याच्या कापूसपट्ट्यातील जामनेरसारख्या तालुक्याला नेमका हाच आधार दीर्घकाळ दूरचा राहिला, कारण मार्गदर्शक वैद्यकीय महाविद्यालयांत असतात आणि खानदेशात ती उशिरा आली. जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तर 2018 मध्ये सुरू झाले. वेलकम ट्रस्ट आणि केंद्राचा जैवतंत्रज्ञान विभाग यांनी 2008 मध्ये उभारलेल्या इंडिया अलायन्सच्या अभ्यासवृत्त्या मोठ्या असल्या, तरी त्यांसाठी भक्कम यजमान संस्था लागते. म्हणूनच जिल्ह्याच्या दृष्टीने अधिक मोलाची ठरते ती एमबीबीएसच्या विद्यार्थ्यांसाठी आयसीएमआरने 1979 मध्ये सुरू केलेली अल्पकालीन संशोधन योजना, जिच्यात विद्यार्थी आपल्याच महाविद्यालयातील अध्यापकाच्या देखरेखीखाली दोन महिने एक छोटा प्रकल्प हाती घेतो, आणि त्यामुळे जामनेरच्या विद्यार्थ्याला संशोधनाचे पहिले धडे जळगावातच गिरवता येतात, मात्र बाह्यरुग्ण विभाग सांभाळणाऱ्या त्या अध्यापकालाही तेवढा वेळ मोकळा करून मिळाला तरच.