परदेशातून सोने आणताना: विमानतळावरील सीमाशुल्काचे नियम

शिरूर कासार (जि. बीड) : बीड जिल्ह्यातील शिरूर कासारहून आखाती देशांत नोकरीसाठी गेलेला माणूस सुटीवर परततो, तेव्हा तो उतरतो मुंबईला किंवा पुण्याला. पुढचा प्रवास एसटीचा. मात्र दोन-तीन वर्षांच्या कमाईतून बहिणीच्या किंवा मुलीच्या लग्नासाठी घेतलेले दागिने घरी पोहोचणार की सीमाशुल्क विभागाच्या ताब्यात राहणार, याचा निर्णय विमानतळावरच्या काही मिनिटांत होतो. नियम ठाऊक नसल्यामुळे होणारे नुकसान शुल्काच्या रकमेपेक्षा बरेच मोठे असते.

हिरवा मार्ग, लाल मार्ग

सामान ताब्यात घेतल्यावर प्रवाशापुढे दोन मार्ग असतात. शुल्कपात्र किंवा प्रतिबंधित वस्तू जवळ नसेल त्याने हिरव्या मार्गाने, म्हणजे ग्रीन चॅनेलमधून, बाहेर पडावे. असेल त्याने लाल मार्गाने जाऊन ती घोषित करावी. सीमाशुल्क कायदा, १९६२ च्या कलम ७७ नुसार सामानाची घोषणा करणे ही प्रवाशाचीच जबाबदारी आहे. हिरव्या मार्गात पाऊल टाकणे म्हणजेच ‘माझ्याजवळ घोषित करण्यासारखे काही नाही’ असे सांगणे होय. त्यानंतर पिशवीत शुल्कपात्र वस्तू सापडली, तर प्रश्न केवळ शुल्काचा राहत नाही. वस्तू जप्त होऊ शकते आणि दंडही होऊ शकतो.

करमुक्त सवलत किती?

२०१६ च्या सामान नियमांनुसार भारतीय प्रवाशाला ५० हजार रुपयांपर्यंतच्या वस्तू करमुक्त आणता येत होत्या. २०२६-२७ च्या अर्थसंकल्पासोबत नवे सामान नियम आले आणि फेब्रुवारी २०२६ पासून ही मर्यादा ७५ हजार रुपये झाली. वापरातले कपडे व नित्योपयोगी वस्तू यांचा समावेश या रकमेत होत नाही. अठरा वर्षांवरील प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा आणता येतो.

मद्य दोन लिटर आणि सिगारेट शंभर, ही मर्यादा स्वतंत्र आहे. विमानतळावर उतरल्यावर तेथील ड्यूटी फ्री दुकानातून घेतलेला माल या हिशेबाबाहेर असतो, असा अनेकांचा समज आहे. तो चुकीचा आहे. ती खरेदीही याच सवलतीत मोजली जाते.

सपाट पडद्याचा दूरदर्शन संच २०१३ पर्यंत या सवलतीत बसत असे. त्या वर्षी ऑगस्टमध्ये ही मुभा काढून घेण्यात आली.

शुल्काचा हिशेब

२०१६ च्या नियमांच्या काळात सवलतीपेक्षा अधिक किमतीच्या सामानावर ३५ टक्के शुल्क आणि त्या शुल्कावर दहा टक्के अधिभार, असा एकूण ३८.५ टक्के दर होता. उदाहरणार्थ, २०२५ मध्ये १ लाख २० हजारांचा मोबाइल आणणाऱ्याला ७० हजारांवर २६,९५० रुपये भरावे लागत. त्याच दराने नव्या ७५ हजारांच्या मर्यादेत हिशेब केल्यास शुल्क ४५ हजारांवर, म्हणजे १७,३२५ रुपये येते. दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात; निघण्यापूर्वी ते पाहून घ्यावेत.

पती-पत्नींनी दोघांची सवलत एकत्र करून एकच महागडी वस्तू सोडवून घेण्याची सोय २०१६ च्या नियमांत नव्हती.

दागिन्यांचा प्रश्न

खरी अडचण सोन्याची होती. एक वर्षाहून अधिक काळ परदेशात राहिलेल्या पुरुषाला २० ग्रॅम व स्त्रीला ४० ग्रॅम दागिने करमुक्त होते. परंतु त्याला किमतीचीही अट होती. पुरुषासाठी ५० हजार आणि स्त्रीसाठी एक लाख रुपये. २०२५ मध्ये सोन्याचा भाव दहा ग्रॅमला एक लाखावर गेला, तेव्हा कागदावरची ४० ग्रॅमची सवलत प्रत्यक्षात दहा ग्रॅमवर आली. नियम तोच राहिला, भाव वाढला आणि प्रामाणिक माणूसही मर्यादा ओलांडणारा ठरू लागला. २०२६ च्या नियमांनी किमतीची अट काढून केवळ वजनाची ठेवली आहे.

एका वर्षाची अट मात्र कायम आहे. आठ दिवसांच्या दुबई सहलीवर गेलेल्या पर्यटकाला दागिन्यांची ही खास सवलत मिळत नाही.

बिस्किट, नाणे किंवा वीट या रूपातले सोने करमुक्त सवलतीत कधीच बसत नाही. किमान सहा महिने परदेशात राहून परतणाऱ्याला एक किलोपर्यंत सोने सवलतीच्या शुल्काने आणता येते. शुल्क परकीय चलनात भरावे लागते. जुलै २०२४ मध्ये सोन्यावरील शुल्क १५ वरून ६ टक्के करण्यात आले होते. सोने घोषित करणाऱ्यालाच हा लाभ मिळतो, लपवणाऱ्याला नाही.

अंगावरचे दागिने

लग्नसमारंभासाठी परदेशी जाणाऱ्या महिलांनी मौल्यवान दागिने नेताना जाण्यापूर्वीच विमानतळावर निर्यात प्रमाणपत्र घ्यावे. परतताना ‘हे इथूनच नेले होते’ असे सांगण्यास तोच भक्कम आधार ठरतो. वापरातले वैयक्तिक दागिने आणि तस्करीचे सोने यांत फरक केला पाहिजे, अशी भूमिका दिल्ली उच्च न्यायालयाने अलीकडच्या वर्षांत अनेक प्रकरणांत घेतली आहे. नोटीस व सुनावणीचा हक्क सोडत असल्याच्या छापील नमुन्यावर प्रवाशाची सही घेणे पुरेसे नाही, असेही या न्यायालयाने २०२५ मध्ये स्पष्ट केले.

माल अडवला तर

घाबरून कोऱ्या किंवा न समजलेल्या कागदावर सही करू नये. अडवलेल्या मालाची नोंद आणि पावती मागून घ्यावी. शुल्क भरणे शक्य नसेल आणि वस्तू खरेपणाने घोषित केली असेल, तर कलम ८० नुसार ती विभागाकडे ठेवून परत परदेशी जाताना सोबत नेण्याची विनंती करता येते. जप्तीच्या बाबतीत सामान्यतः सहा महिन्यांत नोटीस मिळाली पाहिजे. सबळ कारण असल्यास ही मुदत आणखी सहा महिने वाढू शकते. आदेशाविरुद्ध आयुक्तांकडे (अपील) साठ दिवसांत दाद मागता येते.

निघण्यापूर्वी लक्षात ठेवा

- प्रत्येक खरेदीची मूळ पावती हातातल्या पिशवीत ठेवावी. किंमत ठरवताना तिचाच आधार असतो.
- संयुक्त अरब अमिरातीत ५ टक्के मूल्यवर्धित कराचा परतावा पर्यटकांना मिळतो. तेथील रहिवासी परवान्यावर काम करणाऱ्यांना नाही.
- पाच हजार डॉलरहून अधिक किमतीच्या परकीय नोटा, किंवा धनादेशांसह एकूण दहा हजार डॉलरहून अधिक रक्कम असल्यास घोषणा आवश्यक आहे.
- ई-सिगारेट आणू नये. २०१९ च्या कायद्याने तिच्यावर बंदी आहे.
- ओळखीच्या किंवा अनोळखी माणसाने ‘एवढे गावी पोहोचवा’ म्हणून दिलेले पाकीट घेऊ नये. कायद्यापुढे ते ज्याच्या सामानात सापडते, उत्तर त्यालाच द्यावे लागते.

शंका असल्यास लाल मार्ग धरावा. तेथे अर्धा तास जाईल, कदाचित काही हजार रुपयेही जातील. पण दागिने घरी पोहोचतील.