सावित्रीबाई आठवतात, मग डॉ. यशवंत का नाही?

१० मार्चला आपल्याकडे सावित्रीबाईंच्या फोटोला हार घातला जातो. प्लेगच्या रुग्णाला पाठीवर घेऊन त्या दवाखान्यात गेल्या आणि त्याच आजारात गेल्या, हे शाळकरी पोरंही सांगतात. पण त्या दवाखान्याचा डॉक्टर कोण, असं विचारलं की सगळे गप्प.

तो डॉक्टर त्यांचाच मुलगा. यशवंत फुले.

काशीबाई नावाच्या विधवेचं हे मूल जोतीराव-सावित्रीबाईंनी दत्तक घेतलं, शिकवून डॉक्टर केलं. १८९० साली जोतीराव गेले. यशवंतराव पुढे लष्करात नोकरीला लागले. पहिली पत्नी तरुणपणीच वारली.

१८९७ च्या सुरुवातीला पुण्यात प्लेग पसरला. काखेत, जांघेत गाठ आली की माणूस चार-सहा दिवसांत संपायचा. औषध नव्हतंच, अँटिबायोटिक यायला अजून काही दशकं होती. लोक आजारी माणूस लपवायचे. अशा वेळी यशवंतराव रजा काढून आले. हडपसरजवळ ससाणे मळ्यात, माळावर दवाखाना उभा राहिला. आई रुग्ण आणायची, मुलगा उपचार करायचा. मुंढव्याच्या एका पोराला आणताना आईलाच लागण झाली.

डॉक्टर मुलाच्या डोळ्यांदेखत आई गेली. हाताशी इलाज काहीच नाही. विचार करा, काय वाटलं असेल?

दुसरा कुणी पुन्हा प्लेगच्या वाटेला गेला नसता. पण १९०५ साली पुण्यात पुन्हा साथ आली तेव्हा यशवंतराव परत रुग्णांत उतरले. १३ ऑक्टोबर १९०५ रोजी प्लेगनेच त्यांना नेलं. वय जेमतेम तिशी ओलांडलेलं. मागे राहिलेल्या दुसऱ्या पत्नी चंद्रभागाबाईंचे दिवस हलाखीत गेले.

म्हणून मला वाटतं, डॉक्टरचा त्याग एकट्याचा नसतो. किंमत घरच्यांनाही मोजावी लागते, आणि त्यांचं नाव कुठल्याच फलकावर येत नाही.

सगळे डॉक्टर देव नसतात, मान्य. अव्वाच्या सव्वा बिलं आपणही भरलीत. त्याबद्दल जाब जरूर विचारा. पण कोरोनात ज्यांच्यासाठी थाळ्या वाजवल्या, त्यांच्याच अंगावर वर्ष-दोन वर्षांत धावून जायचं, हे कुठल्या हिशेबात बसतं?

यंदा १० मार्चसोबत १३ ऑक्टोबरही कॅलेंडरवर खूण करून ठेवा. आपल्या गावातल्या शाळेत त्या दिवशी दोन वाक्यं बोलली गेली तरी पुष्कळ झालं.