परसबागेतील चिवट तणे आणि तणनाशके : वापर कितपत योग्य?

मृगाच्या सरी पडल्या की बेळगाव, निपाणी परिसरातील परसबागांत मिरची-वांग्याच्या रोपांआधी तणेच डोके वर काढतात. खुरपून काढलेला लव्हाळा आठवडाभरात पुन्हा उगवतो. अशा वेळी कृषी सेवा केंद्रातून तणनाशकाची बाटली आणून प्रश्न मिटवावा, असे वाटणे स्वाभाविक आहे. परंतु घराशेजारच्या बागेत हा उपाय क्वचितच लाभदायक ठरतो.

चिवटपणाचे मूळ

या भागात प्रामुख्याने त्रास देणारी तणे तीन. लव्हाळ्याच्या जमिनीखालील गाठी एकमेकींना साखळीसारख्या जोडलेल्या असतात. हरळी जमिनीवरील धावत्या खोडांनी व जमिनीखालील कांड्यांनी पसरते. तुटलेला प्रत्येक तुकडा नवे रोप होतो. गाजर गवत, म्हणजेच काँग्रेस गवत, मात्र केवळ बियांपासून वाढते. १९५० च्या दशकात पुण्यात प्रथम आढळलेल्या या परदेशी तणाचे एक रोप हजारो बिया टाकते. त्याच्या स्पर्शाने त्वचेला खाज सुटते आणि परागकणांमुळे अनेकांना दम्याचा त्रास होतो.

रसायन कसे कार्य करते

ग्लायफोसेट हिरव्या पानांतून शोषले जाऊन मुळांपर्यंत पोहोचते आणि वनस्पतीच्या वाढीस अत्यावश्यक असलेले एक विकर बंद पाडते. मात्र लव्हाळ्याच्या साखळीतील सुप्त गाठींपर्यंत ते पुरेशा प्रमाणात जात नाही. त्यामुळे वरचे पाते वाळले तरी खालून नवा कोंब फुटतो. शिवाय ते तण आणि तुळस यांत भेद करीत नाही. २,४-डी रुंद पानांच्या तणांवर चालते, हरळीवर नाही. आणि त्याचे तुषार व वाफ वाऱ्याबरोबर गेल्यास टोमॅटो, द्राक्षवेल व तंबाखू यांची पाने आकसतात. निपाणीसारख्या तंबाखूच्या पट्ट्यात घरातील फवारणी शेजारच्या शेताचे नुकसान करू शकते. पॅराक्वॅट तर अल्प प्रमाणात पोटात गेले तरी प्राणघातक ठरू शकते आणि त्यावर उतारा नाही. लहान मुले असलेल्या घरात त्याची बाटलीही नसावी.

आरोग्य आणि कायदा

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने मार्च २०१५ मध्ये ग्लायफोसेटचा समावेश ‘मानवात बहुधा कर्करोगकारक’ या गटात केला. अमेरिका व युरोपातील नियामक संस्थांनी हा निष्कर्ष स्वीकारलेला नाही; वाद चालू आहे. आपल्याकडे केंद्रीय कृषी मंत्रालयाने ऑक्टोबर २०२२ मध्ये आदेश काढून ग्लायफोसेटचा वापर केवळ कीडनियंत्रण व्यावसायिकांमार्फतच करण्याचे बंधन घातले. घरमालकाने स्वतः पंप पाठीवर घेणे या आदेशात बसत नाही.

तंबाखूच्या शेतातील धडा

निपाणीच्या शेतकऱ्याला चिवट तण नवे नाही. तंबाखूच्या मुळांवर जगणारे बंबाखू हे परोपजीवी तण टोमॅटो-वांग्यावरही येते. त्याचे धुळीसारखे बी जमिनीत वर्षानुवर्षे जिवंत राहते. ग्लायफोसेट फवारावे, तर तंबाखूही जळते. म्हणून बंबाखूचे कोंब फुलण्यापूर्वी उपटून शेताबाहेर नष्ट करणे किंवा कोंबावर सोयाबीन तेलाचे दोन थेंब टाकणे हे उपाय सांगितले जातात. बी पडू न देणे, हेच त्यातील तत्त्व.

परसबागेसाठी मार्ग

चैत्र-वैशाखात वाफे वीतभर खोल खणून लव्हाळ्याच्या गाठी व हरळीच्या कांड्या वेचाव्यात; उरलेल्या कडक उन्हात वाळून मरतात. पावसाळ्यात लव्हाळ्याचे कोंब दिसताच दर आठ-दहा दिवसांनी खुरपावे, म्हणजे गाठींतील साठा संपत जातो. दोन्ही तणांना सावली सोसत नाही. म्हणून मोकळ्या वाफ्यांत चवळी, ताग किंवा रताळ्याची दाट लागवड करावी. या भागात मुबलक मिळणाऱ्या उसाच्या पाचटाचे तीन-चार इंच आच्छादन बियांपासून उगवणारी तणे रोखते. लव्हाळा मात्र त्यातूनही वर येतो. गाजर गवत फुलण्यापूर्वी, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. त्याच्या जागी टाकळा पेरल्यास तणाचा जोर ओसरतो आणि भाजीही मिळते.

मीठ व व्हिनेगरचे घरगुती प्रयोग टाळावेत. व्हिनेगर केवळ वरची पाने जाळते, तर मीठ मातीच नासवते.

कुंपणाच्या भेगा, पडीक कोपरा किंवा घाणेरीचे जुने खुंट अशा ठिकाणी रसायनाशिवाय इलाजच नसेल, तर परवानाधारक व्यावसायिकास बोलवावे. वारा शांत असताना, पावसाची शक्यता नसताना व विहिरीपासून दूर फवारणी करवून घ्यावी. जिथली भाजी ताटात येते, त्या वाफ्यांसाठी मात्र खुरपे, ऊन आणि सावली हीच साधने पुरेशी आहेत. दोन-तीन हंगाम सातत्य ठेवल्यास लव्हाळाही हटतो.